तायपिंगला उतरलेल्या दोन विहिणी

मुलाच्या लग्नात मला सून मिळाली आणि तिच्याबरोबर कॉव्हेंट्रीची एक विहीण. सुनेशी माझं पहिल्या भेटीतच जमलं. विहीणबाईंचं मात्र काही कळत नव्हतं. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या, उंच, रुंद खांद्यांच्या, मोठ्यांदा हसणाऱ्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून कॉव्हेंट्रीत सिटी बस चालवून त्यांनी एकटीने मुलीला वाढवलं. मी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी केली आणि जन्मभर हळू आवाजात बोलले. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असलं, तरी मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहोच करायची. ख्रिसमसला कार्ड, वाढदिवसाला फोन, वर्षातून एक-दोनदा त्यांच्याकडे जेवण. जेवण झालं की आम्ही नवरा-बायको जवळच्या हॉटेलात झोपायला जायचो. आमच्यात काही बिघडलं नव्हतं. बिघडण्याइतक्या जवळ आम्ही आलोच नव्हतो.

मुलगा आणि सून नोकरीसाठी मलेशियात पेनांगला गेली. वर्षभराने सुनेचा फोन आला, "आई, तुम्ही आणि माझी मम दोघी मिळून या ना." माझ्या नवऱ्याचा गुडघा दुखत होता आणि त्याला टोमॅटोची रोपं सोडून जायचं नव्हतं. म्हणजे आम्ही दोघीच. विमानात एवढे तास बोलायचं काय, याची मला इतकी धास्ती होती की मी विणकाम आणि शब्दकोड्यांची दोन पुस्तकं घेतली. प्रत्यक्षात विहीणबाई विमान उडायच्या आधीच झोपल्या आणि क्वालालंपूरला उठल्या. एक रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेनांगच्या गाडीत बसलो. मुलाने सगळं ठरवून दिलं होतं. आम्ही फक्त शेवटच्या स्टेशनवर उतरायचं होतं.

तायपिंग नावाच्या स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. बऱ्याच वेळाने गार्ड डब्यात आला. रात्री डोंगरात जोराचा पाऊस झाला होता आणि पुढे रुळांवर माती आली होती. गाडी संध्याकाळपर्यंत हलणार नाही, असं तो हसतमुखाने सांगून गेला. मी मुलाला फोन लावला.

त्याचा जन्म साउथहॅम्प्टनचा. मराठी तो माझ्याकडून शिकला, त्यामुळे घाईत असला की अजूनही माझ्यासारखंच 'येते, जाते' म्हणतो.

"आई, तू कुठे आहे?"

"तायपिंगला."

"टायपिंग नको करू, आई. नुसता सांग, कुठे आहे?"

हे प्रकरण निस्तरायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "ओके. दुपारी माझा मीटिंग आहे, ते सोडता येत नाही. मग मी गाडी घेऊन येते. तोपर्यंत तुम्ही दोघी स्टेशनमध्येच बसून राहा. प्लीज. कुठे जाऊ नका."

"काय म्हणतो?" विहीणबाईंनी विचारलं.

"स्टेशनातच बसून राहा म्हणतो."

"बसून?" त्या उभ्या राहिल्या. "मी सगळी नोकरी बसूनच केली. आता एक मिनिट नाही बसायची."

तिकीट खिडकीतल्या बाईंनी आमच्या बॅगा आत ठेवून घेतल्या. मी खरं तर तिथेच थांबले असते, शब्दकोडी होतीच. पण विहीणबाई टोपी घालून रस्त्यावर पोहोचल्यासुद्धा होत्या. त्यांना एकटीला सोडून सुनेला काय तोंड दाखवणार, म्हणून मीही निघाले.

बाहेर ऊन होतं, पण गाव सावलीचं होतं. जुनी दुमजली घरं, खाली दुकान आणि वर लाकडी खिडक्या. दुकानांपुढून चालायला सलग पडवी होती, कोकणात असते तशीच, फक्त एकाच्या पडवीतून दुसऱ्याच्या पडवीत जात अख्खी गल्ली पार करता यायची. एकीत न्हावी दाढी करत होता, पुढच्या पडवीत स्कूटरचे सुटे भाग टांगले होते, त्यापुढे एक म्हातारा पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी चिनी भाषेत काहीतरी गंभीर बोलत होता. विहीणबाई सगळ्यांना "मॉर्निंग!" म्हणत चालल्या होत्या आणि सगळे त्यांना उत्तर देत होते. मी मागून मान डोलवत होते, त्यांच्या वतीने माफी मागितल्यासारखी.

बस स्टँड लागला आणि त्यांची चाल बदलली. एक रिकामी बस उभी होती, ड्रायव्हर पायरीवर बसून पिशवीतली कॉफी स्ट्रॉने पीत होता. विहीणबाईंनी आधी बसकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि हवेत मोठं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "मीसुद्धा! इंग्लंडमध्ये!"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उठून, पायरीवरून बाजूला होऊन, आपल्या सीटकडे हात केला. त्या वर चढल्या, सीट पुढे-मागे करून बसल्या, आरसा पाहिला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, तिकीट?" आणि हॉर्न वाजवला. अख्खा स्टँड वळून बघायला लागला. मी फोटो काढला, तो हलला, कारण मी हसत होते. त्यांच्यासमोर मी असं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मग भूक लागली. मार्केटच्या मागे खाण्याचे स्टॉल होते. एका स्टॉलवर भात आणि पंधरावीस भांड्यांत कालवणं मांडलेली, ज्याने त्याने ताटात वाढून घ्यायची. त्यातल्या एका परातीत लाल मसाला लावून तळलेले अख्खे बांगडे होते. मी भातावर दोन घेतले.

"ते मासे आहेत," विहीणबाईंनी मला हळूच सावध केलं.

"हो. बांगडे."

"पण तुम्ही मासे खाता?"

"म्हणजे काय? मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावापुढे समुद्रच आहे."

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. "मग मी चार वर्षं तुम्हाला कॉलिफ्लॉवर चीज का खायला घालतेय?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तो मंगळवार होता. त्यांनी कोंबडी भाजली होती. मी मंगळवारी खात नाही, म्हणून म्हटलं होतं, आज मी मांस खाणार नाही. त्यातला 'आज' कुठेतरी हरवला. पुढच्या वेळेपासून आमच्यासाठी कॉलिफ्लॉवर चीज यायला लागलं आणि इतक्या प्रेमाने केलेल्या पदार्थाला नको कसं म्हणायचं, म्हणून आम्ही ते खात राहिलो. माझा नवरा तर कॉव्हेंट्रीच्या वाटेवर मोटरवेच्या सर्व्हिसेसला थांबून आधी पोटभर काहीतरी खाऊन घ्यायचा. हेही मी त्या भरात सांगून टाकलं.

विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला कॉलिफ्लॉवर अजिबात आवडत नाही," त्या म्हणाल्या. "वासाने घर दोन दिवस भरून राहतं. तुमच्यासाठी म्हणून करायचे आणि तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून मीही खायचे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की स्टॉलवाली पाणी घेऊन आली.

हसता हसताच त्यांनी माझं बघून हाताने बांगडा तोडला आणि मोठा घास तोंडात टाकला. बांगडा काट्याचा मासा, त्यांना सवय फिश अँड चिप्सची. पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा लाल झाला, हात गळ्याशी गेला, डोळ्यांत पाणी आलं. मी उडी मारून उठले. "अगं, बोलू नकोस! कोरडा भात गिळ! चावू नकोस, गिळ!" आणि भाताचा गोळा करून त्यांच्या तोंडात कोंबला. तिसऱ्या गोळ्याला काटा उतरला.

त्यांनी श्वास घेतला, डोळे पुसले. मग विचारलं, "तू आत्ता मला काय ओरडलीस?"

तेव्हा मला कळलं की मी सगळं मराठीत बोलले होते, आणि अगं-तुगं करून. त्यानंतर ते मागे घेणं शक्य नव्हतं. माझ्यासाठी ती त्या टेबलावरून उठली ती 'ती' होऊनच. उरलेला बांगडा मी काटे काढून तिच्या ताटात ठेवत गेले आणि तिने तो शेपटीपर्यंत खाल्ला.

जेवून आम्ही तळ्याकडे गेलो. तिथे जुनी प्रचंड झाडं आहेत. रस्त्याच्या एका कडेला उभी राहून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या पाण्याला फांद्या टेकवतात. त्या फांद्यांखालून गाड्या जातात. आम्ही बाकावर बूट काढून बसलो. ती तिच्या नवऱ्याबद्दल बोलली. तो मासे पकडायला कॅनॉलवर जायचा आणि कधीच काही आणायचा नाही. मी माझ्याबद्दल बोलले, नवीन आले तेव्हा बसमध्ये पुढे करताना सुटे पैसे माझ्या हातून कसे सांडायचे ते. "आम्हाला ते दिसायचं," ती म्हणाली. "मी अशांना म्हणायचे, बसा आधी, पैसे नंतर."

परतताना आम्ही चुकीच्या गल्लीत वळलो आणि आभाळ फुटलं. छत्र्या बॅगांत, बॅगा स्टेशनात. समोर पहिलं छप्पर दिसलं त्याखाली धावलो. तो एका लाकडी घरापुढे घातलेला मांडव होता. आत डोक्याला रुमाल बांधलेल्या दहाबारा बायका कांदे सोलत होत्या, मधोमध विटांच्या चुलीवर मोठी लोखंडी कढई होती आणि दोन म्हातारे होडीच्या वल्ह्यांसारख्या लाकडी उलथन्यांनी तिच्यातलं काळंभोर काहीतरी घोटत होते. आम्ही दारात चिंब उभ्या. कोणी विचारलं नाही की तुम्ही कोण. एक ठेंगणी, लगबगीची बाई टॉवेल घेऊन आली, खुर्च्या ओढल्या, चहा दिला. ती घरमालकीण, उद्या तिच्या मुलीचं लग्न होतं. शाळेत शिकलेलं इंग्रजी तिला छान येत होतं.

मला कढईचा वास ओळखीचा वाटला. नारळाचं दूध, माडाचा गूळ. "हे काय आहे?"

"दोदोल," ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठले. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात नाताळच्या आधी हाच वास सुटायचा, याच नावाच्या मिठाईचा. मी तिला सांगितलं तर तिने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार वर्षांनी माहेरी आले होते.

दोदोल एक क्षणही ढवळायचा थांबवता येत नाही. थांबलं की तळाला लागला. एक म्हातारा दमून बाजूला झाला, तर माझी विहीण बाह्या वर करत उठली. "पॉवर स्टिअरिंग यायच्या आधीच्या बस चालवल्यात मी," ती म्हणाली, आणि उलथनं हातात घेतलं. दुसरं मी घेतलं. चिकट गोळा खालून वर ओढायचा, परत दाबायचा. खांद्यात कळ येईपर्यंत.

कांदे सोलणाऱ्या एका आजींनी आमच्याकडे पाहत काहीतरी विचारलं. घरमालकिणीने हसत सांगितलं, "त्या विचारतायत, तुम्ही बहिणी का?"

"नाही," मी म्हटलं. "हिची मुलगी, माझा मुलगा. त्यांचं लग्न झालंय."

"हां, बेसान!" आजींना लगेच कळलं.

"बेसन?" माझ्या डोळ्यांपुढे पिठलं.

"बेसान," घरमालकीण म्हणाली. "नवऱ्यामुलाची आई, नवरीची आई, एकमेकींच्या बेसान. उद्या मलाही मिळणार."

"म्हणजे विहीण," मी माझ्या विहिणीला सांगितलं. "आमच्यातही शब्द आहे."

तिने ढवळता ढवळता मान वर केली. "तुझ्याकडे माझ्यासाठी शब्द आहे? मी लोकांना 'माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई' म्हणून सांगते. सांगून होईपर्यंत माणसाचा स्टॉप येतो." मग तिने तो शब्द म्हणून पाहिला. वी-हीन. वी-हीन. आजींनी टाळ्या वाजवल्या.

घरमालकीण आमच्याजवळ स्टूल घेऊन बसली. तिची होणारी विहीण क्वालालंपूरची, शाळेत हेडमिस्ट्रेस होती. तिला सगळं कसं व्यवस्थित लागतं म्हणे. "आमचं घर बघून काय म्हणेल, मला झोप नाही," ती म्हणाली. "तुमचं दोघींचं कसं जमलं?"

"कुठे जमलं होतं?" माझी विहीण म्हणाली. "आज जेवताना जमलं."

सगळ्यांना वाटलं ती थट्टा करतेय. मग तिने लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगितली. माझ्यासाठी तिने आठवडाभर आरशापुढे नमस्काराची प्रॅक्टिस केली होती. तिने हात जोडले आणि नेमका त्याच वेळी मी शेकहँडसाठी हात पुढे केला, तो तिच्या जोडलेल्या हातांवर आपटला. "मला वाटलं, हिला माझा नमस्कार आवडला नाही."

"आणि मी आठवडाभर शेकहँडची प्रॅक्टिस केली होती," मी म्हटलं. ते खरं होतं. माझ्या नवऱ्याबरोबर, स्वयंपाकघरात.

बायका हसल्या, आम्हीही हसलो. मग ती माझ्याकडे न पाहता, कढईकडे बघत म्हणाली, "मागची खोली मी तुमच्यासाठी रंगवली होती. तुम्ही दर वेळी हॉटेलात जायचात. मला वाटलं, माझं घर तुम्हाला लहान पडतं."

"मला वाटलं, तुला आमचा त्रास नको."

"मी इतकी वर्षं एकटी राहते गं," ती म्हणाली. "मला त्रासच हवा होता."

तिने 'गं' म्हटलं नव्हतं अर्थात, इंग्रजीत तो कुठून येणार. पण मला तो ऐकू आला. मी माझं उलथनं एका मुलीकडे दिलं, चहाचा ग्लास उचलून तिच्या तोंडाशी धरला, कारण तिचे हात मोकळे नव्हते. तिने घोट घेतला आणि ढवळत राहिली. घरमालकीण स्टुलावरून उठली. मग तिने फोन काढला आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ कोणाशी तरी बोलली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. "तिलाही झोप नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे काय नेसून यायचं, याची तिला काळजी."

पाऊस थांबला. कढईतल्या गोळ्याला तेल सुटलं, तो उलथन्याला चिकटेनासा झाला. आजींनी चिमूटभर घेऊन बोटांत दाबून पाहिला आणि मान डोलवली. केळीच्या पानावर पहिला तुकडा त्यांनी आमच्यापुढे ठेवला. गरम, मऊ, गुळाचा थोडासा धुरकट वास. मला वेंगुर्ल्याची आठवण येऊन रडू येईल असं वाटलं होतं, पण मी दुसरा तुकडा मागितला.

मुलाला मी लोकेशन पाठवलं होतं. तो ऑफिसच्या शर्टात, चिखलातून पाय उचलत मांडवात शिरला, मागे सून. दोघं जागीच थांबली. आम्ही दोघी घामाघूम, कपड्यांवर काळे डाग, केस विस्कटलेले.

"आई! मी सांगितला होता ना, स्टेशनमध्ये बसून राहा!"

"आलास? बरं झालं," त्याची सासू म्हणाली आणि त्याच्या हातात उलथनं दिलं. दुसरी कढई चढली होती. बिचाऱ्याने मुकाट्याने बाह्या वर केल्या. सून फोन काढून शूट करत होती आणि इतकी हसत होती की तिला खांबाचा आधार घ्यावा लागला. दिवेलागणीला आम्हाला सोडलं ते केळीच्या पानात बांधलेला दोदोल आणि लग्नाचं आमंत्रण देऊनच. "चौघांनी या," घरमालकीण म्हणाली. "माझ्या बेसानला तुम्ही भेटलंच पाहिजे."

वाटेत स्टेशनातून बॅगा घेतल्या. दुसऱ्या दिवशी पेनांगला जाग आली तर माझे हात वर होईनात. खांद्यापासून बोटांपर्यंत नुसतं लाकूड. कसाबसा साडीचा पदर सुनेकडून लावून घेतला. पलीकडच्या खोलीतून विहिणीचं कण्हणं आणि हसणं एकदमच ऐकू येत होतं. तिलाही कंगवा डोक्यापर्यंत नेता येत नव्हता.

शेवटी सुनेने आम्हा दोघींना पलंगाच्या काठावर शेजारी-शेजारी बसवलं. तिच्या आईचे आखूड केस चार फटक्यांत विंचरून झाले. मग ती माझ्या मागे आली. तिने कधी कोणाची वेणी घातली नव्हती. तीन पेड कुठून कुठे न्यायचे ते मी पुढे बघत सांगत होते, आणि तिची आई शेजारून तिच्या हातांकडे बघून, "नाही, नाही, डावा वर," म्हणून ओरडत होती. खालून मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता. वेणी वाकडी झाली. तशीच घालून मी लग्नाला गेले.